व्हय म्हाराजा, २०० ओके

पुण्याच्या ऑफिसातल्या मंडळींना सिंधुदुर्ग म्हटलं की समुद्रच दिसतो. व्हिडिओ कॉल सुरू झाला की कोणीतरी म्हणतंच, "अरे, कॅमेरा जरा फिरव ना, समुद्र दाखव." मी कॅमेरा फिरवतो. त्यांना दिसतो आमचा फणस, फणसाखाली बांधलेली शेजारच्यांची म्हैस आणि तिच्या पाठीमागे महामार्गावर ओळीने उभे असलेले ट्रक. इन्सुली सावंतवाडी तालुक्यात येतं. गोव्याकडून निघालात की पत्रादेवी, मग बांदा, मग आम्ही. समुद्र बघायचा तर मलाही गाडी काढून वेंगुर्ल्याला जावं लागतं. आमच्या वाट्याला समुद्राऐवजी नाका आलेला आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका. पेपरात गावाचं नाव येतं ते बहुधा ह्या नाक्याच्याच कृपेने, आणि दारू पकडल्याच्या त्या बातमीत 'गोवा बनावटीची' हे दोन शब्द ठरलेले. गावातला पोरगा बोर्डात पहिला आला तरी एवढी प्रसिद्धी मिळायची नाही.

मी २०२० च्या टाळेबंदीत चार कपडे आणि एक लॅपटॉप घेऊन गावी आलो. टाळेबंदी उठली, मी उठलो नाही. कंपनीच्या हे लक्षात येईपर्यंत पडवीत टेबल आलं होतं, टेबलावर दुसरा मॉनिटर आला होता, आणि मॉनिटरवर आमची मांजर झोपायला शिकली होती. आमची कंपनी शीतवाहनांवर नजर ठेवते. म्हणजे गोठवलेली मासळी, आइस्क्रीम, मटार वगैरे घेऊन जाणाऱ्या गाड्यांत एक यंत्र बसवलेलं असतं, ते दर दहा सेकंदांनी आतलं तापमान कळवतं. गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर ठेवायची असा जगभरचा दंडक आहे. ह्या सगळ्या नोंदी मुंबईतल्या सर्व्हरवर येतात, आणि तिथे त्यांना वळण लावायचं काम माझ्याकडे.

एप्रिलमध्ये वरून फर्मान आलं. "तापमान बिघडलं की आपल्याला स्लॅकवर मेसेज आला पाहिजे. नायफायला स्लॅक जोडून टाक. अर्ध्या तासाचं काम आहे." हे वाक्य बोलणाऱ्याने ते काम आयुष्यात कधी केलेलं नसतं, हे मी अनुभवाने सांगतो.

ह्या दोघांची ओळख करून देतो, कारण सोयरीक जुळवायची तर घराणी ठाऊक हवीत.

स्लॅक म्हणजे ऑफिसची गजाल. आमच्या मालवणीत गप्पांना गजाली म्हणतात. कॅनडातल्या स्ट्युअर्ट बटरफिल्ड ह्या गृहस्थाची कंपनी 'ग्लिच' नावाचा एक ऑनलाइन खेळ बनवत होती. २०१२ साली खेळ बंद करावा लागला. पण खेळ बनवता बनवता आपसात बोलण्यासाठी त्यांनी जे साधन तयार केलं होतं ते मात्र उत्तम चालत होतं. तेच त्यांनी २०१४ मध्ये बाजारात आणलं, आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते सुमारे २७ अब्ज डॉलरना विकत घेतलं. खेळ बुडाला, गजाल तरली. आमच्या गावात गजालींपायी कित्येकांच्या शेत्या बुडाल्या, गजालीला मात्र अजून कोणी एक नारळसुद्धा दिलेला नाही. इंग्रजीत स्लॅक म्हणजे सैल, ढिला. गोव्याच्या वेशीवरच्या माणसाला हे नाव परकं वाटायचं कारण नाही. आमच्याकडे त्याला सुशेगाद म्हणतात आणि त्याचं कोणी ॲप काढत नाही, कारण काढायला कोण उठणार?

दुसरं घराणं जरा वजनदार. अपाचे नायफाय हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत जन्मलेलं. जगभरच्या भिंतींना कान लावणारी ती हीच संस्था. तिथे त्याचं नाव होतं 'नायगारा फाइल्स', म्हणजे माहितीचा धबधबा. २०१४ साली त्यांनी ते अपाचे फाउंडेशनला चक्क दान केलं, आणि आता कोणालाही फुकट वापरता येतं. इतरांचं ऐकण्यात हयात घालवलेल्या माणसाने म्हातारपणी श्रवणयंत्रं वाटावीत तसं हे झालं. आमच्या शेजारच्या काकीने अजून तिची यंत्रणा दान केलेली नाही. तिच्याबद्दल पुढे येतं.

नायफाय उघडलं की समोर मोकळं अंगण दिसतं. त्यात चौकोन आणून ठेवायचे. एक चौकोन माहिती घेतो, दुसरा ती चाळतो, तिसरा तिचे तुकडे करतो, चौथा पुढे ढकलतो. चौकोनाला चौकोन बाणाने जोडायचा की माहिती वाहू लागते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला आमची पोफळीची बागायत आठवली. आजोबा खोरं घेऊन पाटावर उभे असायचे. इथे मातीचा बांध घातला की पाणी त्या रांगेला, इथला फोडला की ह्या रांगेला, आणि प्रत्येक आळं भरलं की पुढे. आजोबांनी हे काम धोतर खोचून केलं, मी खुर्चीत बसून करतो, आणि पाठ माझी दुखते.

ह्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तुंबण्याची सोय. दोन चौकोनांमधल्या बाणावर माल साचू लागला की नायफाय एका मर्यादेपर्यंत सोसतं. आपण वेगळं काही सांगितलं नाही तर ती मर्यादा दहा हजार नगांची किंवा एक जीबीची असते. ती भरली की मागच्या चौकोनाला निरोप जातो, 'बाबा रे, थांब.' मग त्याच्या मागचा थांबतो, मग त्याच्याही मागचा. इंग्रजी पुस्तकांत हे समजावायला पानं खर्च केली आहेत. मला पडवीतून मान वर करावी लागली एवढंच. नाक्यावर एक ट्रक आडवा घेतला की मागे रांग कशी आणि कुठवर लागते हे इन्सुलीतलं शेंबडं पोरही सांगेल.

आता प्रत्यक्ष जोडणी. स्लॅकमध्ये वेबहुक नावाची सोय असते. स्लॅक तुम्हाला एक लांबलचक पत्ता देतं. त्या पत्त्यावर जो मजकूर टाकाल तो तुमच्या चॅनलमध्ये उमटतो. कुलूप नाही, पासवर्ड नाही. पत्ता हीच किल्ली. तो ज्याच्या हाती लागला तो तुमच्या ऑफिसात येऊन काहीही बोलून जाऊ शकतो, म्हणून तो तुळशीवृंदावनात लपवलेल्या किल्लीसारखा जपायचा असतो. नायफायमध्ये अशा पत्त्यावर निरोप पाठवणारा चौकोन तयारच मिळतो. त्यात तो पत्ता टाकायचा, बाण जोडायचा, सुरू करायचं. निरोप नीट पोचला तर स्लॅककडून उत्तर येतं, २०० हा आकडा आणि त्याच्यासोबत एकच शब्द, 'ओके'.

हे उत्तर मी पहिल्यांदा पाहिलं आणि खुर्चीतच हसलो. हे आमचं गाऱ्हाणं होतं! देवळात गाऱ्हाणं घालतात ते ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मानकरी उभा राहून 'बा देवा महाराजा' करून सुरुवात करतो आणि एकेक मागणी मांडतो. ह्या लेकराच्या मागची इडापीडा टळू दे, त्याच्या धंद्याला यश येऊ दे. आणि प्रत्येक मागणीला मागचे सगळे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' मागणी काय होती ते मागच्या रांगेत ऐकू गेलेलं नसतं. होकार मात्र खणखणीत. स्लॅकचा 'ओके' अगदी ह्याच जातीचा. निरोप पोचला एवढंच त्यातून कळतं. कोणी वाचला का, कोणी काही केलं का, ह्याची जबाबदारी म्हाराजाची. फरक एवढाच की मजकूर रिकामा पाठवला तर स्लॅक 'नो टेक्स्ट' म्हणून परत पाठवतं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा मधेच विसरून गप्प राहिला तरी 'व्हय म्हाराजा' चुकत नाही.

तर मी मोठ्या विश्वासाने नियम लिहिला. तापमान उणे १८ च्या वर गेलं की निरोप. त्या रात्री अकराला सगळं सुरू केलं, 'झालं, अर्ध्या तासात' असा खोटा संदेश पुण्याला पाठवला (तिसरा दिवस होता) आणि झोपलो.

ह्यात माझ्या तीन चुका होत्या. तिन्ही एकाच रात्री भेटल्या.

एक. शीतगाडीचं यंत्र थांबत-चालत थंड करतं. उणे साडेसतरा, उणे एकोणीस, पुन्हा उणे साडेसतरा असं तिचं श्वासासारखं चालू असतं. माझ्या नियमाप्रमाणे उणे १७.९ ही आणीबाणी होती. म्हणजे गाडीने श्वास सोडला की मी रुग्णवाहिका बोलावत होतो.

दोन. आंबोली घाटात रेंज नसते. तेवढा वेळ गाडीतलं यंत्र नोंदी पोटात साठवून ठेवतं आणि रेंज आली की एकदम ओकतं. तासाभराच्या साठ्यात ३६० नोंदी होतात. त्या रात्री तीन गाड्या एकामागून एक घाट उतरल्या. मी प्रत्येक नोंदीचा वेगळा तुकडा करून प्रत्येक तुकड्याचा वेगळा निरोप करायची व्यवस्था मोठ्या काटेकोरपणे केलेली होती. स्लॅकचा नियम साधारण सेकंदाला एक निरोप असा आहे. त्यापेक्षा घाई केली तर ते ४२९ आकडा दाखवून 'थोड्या वेळाने या' म्हणतं, आणि किती सेकंदांनी यायचं तेही सांगतं. सरकारी खिडकीवरही एवढी माहिती मिळत नाही. माझा चौकोन मात्र हट्टी. परत आलेला निरोप पुन्हा स्वतःकडेच यावा असा बाण मी त्याला लावून ठेवला होता. तो परत आला की पुन्हा रांगेत उभा. हजारावर निरोप, सेकंदाला एक. म्हणजे पुण्यातले आठ फोन अठरा मिनिटं सलग किणकिणले.

तिसरी चूक माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती आणि तरी मला सुचली नव्हती. त्या तिन्ही गाड्या घाट उतरून इन्सुलीच्या नाक्यावर आल्या. तपासणीसाठी मागची दारं उघडली. वैशाखातली रात्र. तापमान झरझर चढलं. आता निरोपांना खरंच कारण होतं, आणि प्रत्येक निरोपात ठिकाण छापलेलं होतं: इन्सुली, इन्सुली, इन्सुली.

मध्यरात्री पुण्याहून फोन. "अरे, तुझ्या गावात चाललंय काय? आग लागलीय का?"

मी पडवीत आलो. गाव शांत. म्हैस रवंथ करत होती. नाक्यावरचा दिवा दिसत होता आणि त्याखाली उभ्या असलेल्या गाड्याही. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या गाडीची खबर आपल्याला मुंबईचा सर्व्हर, अमेरिकेतली कंपनी आणि पुण्याचा साहेब अशी फिरून मिळते आहे, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. तेवढ्यात शेजारच्या खळ्यातून आवाज आला.

"काय रे झिला, तुजो फोन कित्याक बोंबलता?"

"काकी, ती गाडी गरम झाली म्हणान सांगता."

"खयची गाडी?"

"ती थंय, नाक्यार उभी आसा ती."

"मगे ती पुण्याक कित्याक सांगता? हयसून हाक मारल्यार आयकाक येता." आणि मग थोडं थांबून, "मेल्या, दार उघडल्यार थंडी भायर येतलीच. तुज्या फ्रिजचा दार मी उघडलंय तर तू पुण्याक फोन करतलंस?"

मी अंथरुणावर परत जायच्या आधी तो चौकोन बंद केला. नायफायमध्ये थांबवलेल्या चौकोनावर लाल खूण दिसते. एवढी सुंदर लाल खूण मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काकीच्या वाक्याचं नियमांत रूपांतर करायला बसलो. गाडी थांबलेली असेल आणि दार उघडं असेल तर दहा मिनिटं वाट बघ. दार बंद झाल्यावरही तापमान उतरत नसेल तरच बोल. एकाच गाडीचे साठलेले निरोप एकत्र बांधून एकच पाठव. तेच तेच पुन्हा आलं तर गाळ. ह्या शेवटच्या कामासाठी नायफायमध्ये वेगळा चौकोन आहे, आधी येऊन गेलेली वस्तू ओळखणारा. काकीकडे तो जन्मजात आहे. तिला कोणतीही बातमी दुसऱ्यांदा सांगितली की ती "ह्या काल कळला" म्हणून तिथल्या तिथे अडवते. पण तपशील बदललेला असला, लग्न तेच पण तारीख पुढे गेलेली असली, तर लगेच आत घेते. तेवढी बारीक चाळण बसवायला मला आठवडा लागला.

काकीची यंत्रणा जवळून बघितल्यावर माझ्या कामाबद्दलचा माझा आदर बराच कमी झाला. तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि तोही बहुधा तांदळाच्या डब्यावर उपडा पडलेला असतो. पण खबर कोणाला द्यायची हे तिला पक्कं ठाऊक. कोणाचा मुलगा मुंबईहून येतोय ते त्याच्या आईला, गाय सुटलीय ते गायवाल्याला, आणि तिने कोणाच्या भाताची नासाडी केली ते कोणालाच नाही, कारण त्यातून भांडण उभं राहतं. आम्ही पुण्यात सगळं सगळ्यांना सांगतो. ऑफिसच्या चॅनलमध्ये आठ जण होते. गाडी गरम झाल्यावर आठांनीही अंगठ्याचं चित्र लावलं. आठ अंगठे बघून प्रत्येकाला वाटलं, बाकीचे सात बघतायत. व्हय म्हाराजा.

मे महिना बरा गेला. जूनमध्ये नवीनच आजार. चॅनल गप्प झाला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस, काही नाही. पुण्याहून विचारणा. "सिस्टिम बंद पडली का?" त्रास नको म्हणून मी आणखी एक चौकोन आणून बसवला. ठरलेल्या वेळात काहीच आलं नाही तर 'काही येत नाहीये' असं कळवणारा. त्याला सतत कळवत राहायचीही सोय आहे. पुण्याच्या समाधानासाठी मी ती चालू केली. मग दर पाच मिनिटांनी चॅनलमध्ये उमटू लागलं: माहिती येत नाही. माहिती येत नाही. माहिती येत नाही. पहिल्या दिवशी साहेबाला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चॅनल म्यूट केला.

बिघाड यंत्रात नव्हताच. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, एकूण ६१ दिवस. मासा प्रजननाच्या गडबडीत असतो आणि दर्या खवळलेला. त्यामुळे मासळीच्या गाड्या जवळजवळ दिसतच नाहीत. हे कोकणात सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. ताटात सुका बांगडा वाढला की ते मला समजायचं, स्क्रीनवर दिसलं तेव्हा कळलं नाही, ह्याचं कारण मी अजून शोधतो आहे. मी पुण्याला कळवलं, "सर, मासे सुट्टीवर आहेत." तिकडून अंगठा आला.

अशा सुट्टीतही एखादी गाडी जातेच. जुलैच्या एका संध्याकाळी पाऊस जरा उघडला होता आणि माडाचं चुडत तारेवर पडल्यामुळे घरात लाईट नव्हती, म्हणजे इंटरनेटही नव्हतं. मी खळ्यात फोन वर धरून रेंज शोधत होतो. काकी फाटकाकडून आली.

"त्या पांढऱ्या गाडयेचो ड्रायव्हर पाणी मागूक इल्लो. फॅन बंद पडलो म्हणता. मी तेका च्या दिलंय. बांद्यासून मेकॅनिक येतासा."

मी गाडीचा नंबर विचारला. तिने शेवटचे चार आकडे सांगितले. शिवाय ड्रायव्हर कुठला, त्याला मुलं किती आणि धाकट्याला दात येतायत हेही सांगितलं. चार आकडे आमच्या यादीतलेच होते. मेकॅनिक आला, पंखा सुरू झाला, दार लागलं, गाडी गोव्याच्या दिशेने गेली.

माझ्या फोनला रेंज मिळाली तेव्हा त्यावर एक निरोप येऊन पडला होता. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. दहा मिनिटं थांबलेला, एकत्र बांधलेला, एकच, गाडीच्या नंबरासकट. वेळ पाहिली. काकीने चहा उकळायला ठेवल्यानंतर बरोबर बारा मिनिटांनी तो निघाला होता, आणि त्याखाली आठ अंगठे होते.

त्या दिवसापासून आमच्या चॅनलमध्ये नववा सभासद घ्यावा असा प्रस्ताव मी पुण्याला पाठवून ठेवला आहे. नाव, काकी. पत्ता, इन्सुली. त्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही, अंगठे मात्र आले आहेत. तोवर ह्या वाटेने मासळीची गाडी धाडणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती आहे की, निघण्यापूर्वी दाराचं रबर आणि पंखा बघून घ्या. आणि पंखा वाटेत बंद पडलाच, तर ड्रायव्हरला सांगून ठेवा, नाक्याच्या अलीकडे फणसाखाली म्हैस बांधलेलं घर आहे, त्याच्या शेजारी चहा मिळतो.